‘परत येईल का?’

प्रस्तावना

फुप्फुसातली गाठ लवकर सापडली. सर्जनने फुप्फुसाचा तेवढा खंड काढून टाकला. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात लिहिलं आहे की कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, लिम्फ ग्रंथींत काही आढळलं नाही, टप्पा पहिला. घरी देवापुढे दिवा लागतो, नातेवाइकांचे फोन येतात. मग पुढच्या भेटीत तपासणी संपते, कागद पिशवीत जातात आणि पेशंट उठता उठता विचारतो, ‘डॉक्टर, परत येईल का हो?’

हे पुस्तक त्या प्रश्नाविषयी आहे. गेली पंचवीस वर्षं शास्त्रज्ञांनी त्याचं उत्तर गाठीतल्या जनुकांच्या बोलण्यात शोधलं. त्या शोधाची कहाणी पुढच्या प्रकरणांतून सांगायची आहे. त्यात बुद्धीची झेप आहे, घाई आहे, एक मोठी फसगत आहे, आणि ती फसगत उघड करणारी चिकाटीही आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. भाकीत किती चतुराईनं केलं यावरून त्याची किंमत ठरत नाही. ते दुसऱ्या कुणाला, दुसऱ्या ठिकाणी, अनोळखी रुग्णांवर पडताळून पाहता येतं का, आणि पाहिल्यावर ते टिकतं का, यावरून ठरते. साऱ्या पुस्तकाचा गाभा एवढाच आहे.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. फुप्फुसाच्या कर्करोगानं २०२२ साली जगात सुमारे २५ लाख नव्या माणसांना गाठलं आणि सुमारे १८ लाख माणसांचा बळी घेतला. इतके मृत्यू दुसऱ्या कोणत्याही कर्करोगानं होत नाहीत. या रोगाचे दोन ढोबळ प्रकार आहेत. लहान पेशींचा प्रकार वेगानं पसरतो. उरलेले साधारण ८५ टक्के रुग्ण दुसऱ्या, ‘नॉन-स्मॉल सेल’ प्रकारात मोडतात. त्यात ग्रंथिल पेशींतून उगवणारा ॲडिनोकार्सिनोमा आणि श्वासनलिकेच्या अस्तरात उगवणारा स्क्वॅमस हे मुख्य. या दुसऱ्या प्रकारात गाठ लहान असतानाच सापडली, तर शस्त्रक्रिया हा बरं होण्याचा राजमार्ग असतो.

पण लवकर सापडलेली गाठ काढल्यावरही दहांपैकी दोन ते चार जणांचा आजार पुढच्या काही वर्षांत परततो. मेंदूत, हाडांत, यकृतात किंवा उरलेल्या फुप्फुसात. शस्त्रक्रियेच्या दिवशीच रोगाचे काही कण शरीरात कुठे तरी जाऊन बसलेले असतात आणि कोणत्याही स्कॅनला ते दिसत नाहीत. कुणाच्या शरीरात ते आहेत आणि कुणाच्या नाहीत, हे सांगायला डॉक्टरांच्या हातात मुख्यतः टप्प्यांची पद्धत असते. गाठीचा आकार, लिम्फ ग्रंथींतला शिरकाव आणि दूरवरचा प्रसार या तीन गोष्टींवर बेतलेली ही ‘टीएनएम’ पद्धत फ्रेंच सर्जन पिएर दनुआ यांनी १९४०च्या दशकात मांडायला घेतली. आजही जगभर तीच चालते, कारण ती उपयोगी आहे. मात्र ती गाठ कुठवर पोचली ते सांगते. गाठीचा स्वभाव तिला सांगता येत नाही. दोन सेंटिमीटरच्या दोन गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. एकीचा मालक वीस वर्षं नातवंडं खेळवतो, दुसरीचा दोन वर्षांत जातो.

यातून एक रोकडा प्रश्न उभा राहतो: शस्त्रक्रियेनंतर केमो द्यायची की नाही? पाच मोठ्या चाचण्यांमधल्या ४,५८४ रुग्णांची माहिती एकत्र करून २००८ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं, की सिस्प्लॅटिनवर आधारलेल्या केमोमुळे पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ५.४ टक्क्यांनी वाढतं. शंभर जणांनी केमो सोसली तर पाच जास्तीचे जगले. बाकीच्यांपैकी कित्येकांना तिची गरजच नव्हती, कित्येकांना ती देऊनही उपयोग झाला नाही. उलट्या, बधिर झालेली बोटं, दुखावलेली मूत्रपिंडं मात्र सगळ्यांच्या वाट्याला येऊ शकतात. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या, म्हणजे ‘वन-ए’च्या रुग्णांत तर फायद्याऐवजी तोट्याकडेच कल दिसला. मग त्या टप्प्यातले, पण आजार परतणारच असलेले जे थोडे असतात, त्यांना ओळखायचं कसं? आणि पुढच्या टप्प्यातल्या ज्यांचा आजार शस्त्रक्रियेनंच संपला, त्यांना केमोपासून वाचवायचं कसं? जनुकांकडे शास्त्रज्ञ वळले ते या अडचणीपायी.

जनुक-अभिव्यक्ती हा शब्द जड वाटतो, पण गोष्ट सोपी आहे. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची तीच पोथी असते. प्रथिनं घडवणारी सुमारे २० हजार जनुकं त्या पोथीत आहेत. पण घरोघरी एकच पोथी असली तरी आज कोणत्या घरात कोणता अध्याय वाचला जातोय, हे वेगळं असतं. यकृताची पेशी काही अध्याय मोठ्यानं वाचते आणि काही उघडतही नाही. फुप्फुसाच्या पेशीचे अध्याय निराळे. जनुक वाचलं जातं तेव्हा त्याची एक तात्पुरती प्रत तयार होते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. या प्रती मोजल्या की कोणतं जनुक किती जोरात वाचलं जातंय ते कळतं. कर्करोगाच्या पेशीत हे पारायण बिघडलेलं असतं. विभाजनाचे अध्याय रात्रंदिवस चालतात आणि थांबण्याचा अध्याय कुणी उघडत नाही. या बिघाडाची तऱ्हा जशी असेल तसं गाठीचं पुढचं वागणं असेल, अशी आशा होती, आणि तिला आधारही होता.

एकेका जनुकाच्या प्रती मोजण्याची रीत जुनीच होती. हजारो जनुकांच्या प्रती एकदम मोजण्याचं साधन १९९५च्या सुमारास आलं. स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक ब्राउन यांच्या प्रयोगशाळेनं काचेच्या पट्टीवर डीएनएचे सूक्ष्म ठिपके रांगेत बसवले. गाठीतून काढलेल्या आरएनएपासून चकाकणारे धागे बनवून ते पट्टीवर सोडले, की प्रत्येक धागा आपल्या जोडीच्या ठिपक्याला चिकटतो. जो ठिपका जास्त चमकतो ते जनुक जास्त बोलतं. हा मायक्रोॲरे. काही वर्षांतच बाजारात मिळणाऱ्या एका चिपवर २२ हजारांहून अधिक मोजमापं एका दमात होऊ लागली. ज्यांनी आयुष्यभर एका जनुकाचा पाठलाग केला होता, त्यांना आता सगळ्यांचा आवाज एकाच वेळी ऐकू येऊ लागला.

१९९९ साली टॉड गोलब आणि सहकाऱ्यांनी केवळ या आवाजावरून तीव्र रक्तकर्करोगाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. २००१च्या नोव्हेंबरात बोस्टन आणि स्टॅनफर्ड इथल्या दोन गटांचे फुप्फुसाच्या गाठींवरचे निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एकाच अंकात आले. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या ॲडिनोकार्सिनोमात उपगट असल्याचं दोघांनाही दिसलं, आणि त्यांतल्या काही उपगटांचे रुग्ण लवकर दगावले होते. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या डेव्हिड बीअर आणि सहकाऱ्यांनी ८६ गाठींच्या आधारे ५० जनुकांचा जोखीम-निर्देशांक मांडला. त्याच सुमारास ॲम्स्टरडॅममध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी ७० जनुकांची ‘सही’ सापडली होती. सही म्हणजे ठरावीक जनुकांच्या आवाजाचा ओळखीचा ठसा. स्तनाच्या कर्करोगात ही वाट पुढे खरोखरच दवाखान्यापर्यंत गेली. हजारो स्त्रियांवरच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि ‘तुम्हाला केमोची गरज नाही’ असं सांगण्याचं बळ डॉक्टरांना मिळालं. फुप्फुसातही तेच घडेल, असं तेव्हा सर्वांना वाटत होतं. तैवानच्या एका गटानं २००७च्या आरंभी तर अवघ्या पाच जनुकांची सही मांडली. ती मोजायला लागणारी आरटी-पीसीआर चाचणी पुढे कोविडच्या काळात आपल्याकडे पोराबाळांनाही माहीत झाली.

मग अडलं कुठे? अडलं गणितात, आणि ही अडचण या विषयाच्या मुळाशी आहे. समजा तुमच्याकडे शंभर रुग्ण आहेत आणि प्रत्येकाची २० हजार मोजमापं. एखाद्या जनुकाचा आजार परतण्याशी संबंध आहे की नाही हे ठरवताना संशोधनात सहसा पाच टक्क्यांची सूट धरतात. म्हणजे काहीही संबंध नसताना केवळ योगायोगानं संबंध दिसण्याची शक्यता शंभरात पाच. एका जनुकाच्या बाबतीत ही सूट चालून जाते. २० हजार जनुकांना ती लावली तर निव्वळ योगायोगानं हजारेक जनुकं ‘महत्त्वाची’ ठरतात. त्यांतली पन्नास वेचून त्याच शंभर रुग्णांवर सूत्र बसवलं, तर ते अचूक बसणारच. कारण ते त्यांच्यासाठीच शिवलं आहे.

दहावीच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला हे आतून कळेल. अपेक्षित प्रश्नसंच तोंडपाठ केलेला मुलगा त्याच संचातून घेतलेल्या सराव परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो. त्याला विषय कळला की उत्तरं पाठ झाली, हे बोर्डाचा कोरा पेपर समोर आल्याशिवाय समजत नाही. सुरुवातीच्या कित्येक निबंधांत जनुकं निवडताना सगळ्या रुग्णांची माहिती वापरली गेली आणि मग त्यांतल्याच रुग्णांवर ‘चाचणी’ झाली. आपल्या भाषेत, पेपर आधीच फुटला होता. हे जाणूनबुजून झालं असं नाही. उत्साही माणसाला आपण स्वतःला फसवतोय हे सहसा दिसत नाही.

कोरा पेपर म्हणजे काय, याचा एक उत्तम नमुना आपल्या पुण्यातला आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका मांडून त्यांची सरमिसळ केली. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणेफेक करून जे जमलं असतं त्यापेक्षा सरस काही हाती लागलं नाही. निकालाइतकीच त्या प्रयोगाची रीतही मला मोलाची वाटते. उत्तरं आधी बंद ठेवली होती, निकष आधी ठरवला होता आणि भाकीत करणाऱ्याला नंतर सावरून घ्यायला जागा ठेवली नव्हती. एखाद्या चिपवर कोट्यवधी रुपये खर्च झाले म्हणून या नियमातून सुटका मिळत नाही. विज्ञानाचं भाकीत ज्योतिषाहून वेगळं ठरतं ते याच परीक्षेला स्वतःहून बसतं म्हणून. ते परीक्षा टाळू लागलं, की फरक फक्त यंत्राच्या किमतीचा उरतो.

आता त्या फसगतीकडे येतो. पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण तिच्यावर आहे. १० ऑगस्ट २००६ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अनिल पोट्टी, जोसेफ नेविन्स आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कर्करोगात कुणाचा आजार परतेल, हे जनुकांच्या गटांवरून, म्हणजे ‘मेटाजीन’वरून, उत्तम सांगता येतं असा त्यांचा दावा होता. दोन स्वतंत्र रुग्णगटांवर तो पडताळल्याचंही त्यात म्हटलं होतं. ‘वन-ए’च्या टप्प्यातले धोक्याचे रुग्ण निवडून त्यांना केमो द्यावी, अशा मोठ्या चाचणीचा बेत यावर उभा राहिला. त्याच वर्षी याच गटानं आणखी एक निबंध लिहिला: गाठीतली जनुकं पाहून कोणत्या रुग्णाला कोणतं केमोचं औषध लागू पडेल तेही सांगता येतं. वृत्तपत्रांनी क्रांतीचे मथळे दिले. २००७पासून ड्यूकमध्ये खऱ्या रुग्णांना या सूत्रानुसार औषध ठरवून देणाऱ्या चाचण्या सुरू झाल्या. एकूण तीन, त्यांतल्या दोन फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांना ही पद्धत आपल्या रुग्णांसाठी वापरायची होती. त्यांनी आपल्या संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगरली आणि केविन कूम्ब्स यांना, ती समजावून द्यायला सांगितलं. दोघांनी प्रसिद्ध झालेली माहिती घेऊन तीच उत्तरं काढायचा प्रयत्न केला. ती निघेनात. उलट दिशेनं शोधत गेल्यावर चुका सापडू लागल्या. जनुकांची यादी एका ओळीनं सरकली होती, म्हणजे एका जनुकाचं मोजमाप शेजारच्या जनुकाच्या नावावर गेलं होतं. रोजच्या हिशेबात वहीची ओळ चुकावी तसं. काही औषधांबाबत तर ‘दाद देणारे’ आणि ‘दाद न देणारे’ या खुणांचीच अदलाबदल झाली होती. असं सूत्र रुग्णाला नेमकं निरुपयोगी औषध सुचवू शकतं. त्यांनी पत्रं लिहिली, दुरुस्त्या मागितल्या. शेवटी २००९ साली संख्याशास्त्राच्या नियतकालिकात सगळा हिशेब मांडला. चाचण्या थांबल्या, ड्यूकच्या चौकशीनंतर पुन्हा सुरू झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संख्याशास्त्रज्ञ लीसा मॅकशेन यांनी फुप्फुसाचं सूत्र स्वतः तपासलं, आणि वर सांगितलेल्या मोठ्या चाचणीतून ते वगळायला लावलं. जुलै २०१०मध्ये पोट्टी यांनी आपल्या परिचयपत्रात खोटी ऱ्होड्स शिष्यवृत्ती लिहिल्याचं उघड झालं. गणितातल्या चुकांना जे साधलं नव्हतं ते या एका ओळीनं साधलं. चाचण्या कायमच्या बंद झाल्या. मार्च २०११मध्ये तो मूळ निबंध मागे घेतला गेला, कारण पडताळणीचे निकाल लेखकांनाच पुन्हा काढता आले नाहीत. २०१५ साली अमेरिकी सरकारच्या संशोधन-सचोटी कार्यालयानं पोट्टी यांच्यावर गैरवर्तनाचा ठपका ठेवला.

या कहाणीत मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट खोटेपणाची नाही. ड्यूकमध्येच संशोधन करणाऱ्या ब्रॅडफर्ड पेरेझ या वैद्यकीय विद्यार्थ्यानं २००८ साली लेखी शंका मांडल्या होत्या आणि त्या दडपल्या गेल्या, हे मला जास्त सलतं. चाचणीच्या खोलीत तोवर माणसं बसली होती. आपलं औषध आपल्या गाठीच्या जनुकांवरून निवडलंय, या विश्वासानं त्यांनी सलाइन टोचून घेतलं होतं.

या धक्क्यातून विषय शहाणा झाला. अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’नं २०१२च्या अहवालात नियम घालून दिले. सूत्र आधी कुलूपबंद करा. मग त्यात काडीचाही बदल न करता नव्या रुग्णांवर तपासा. माहिती आणि संगणकी आज्ञावली इतरांना पाहू द्या. ते झाल्यावरच रुग्णाकडे जा. याची रंगीत तालीम खरं तर आधीच एका ठिकाणी झाली होती. २००८ साली चार संस्थांनी ४४२ ॲडिनोकार्सिनोमा एकत्र केले. दोन संस्थांच्या रुग्णांवर सूत्रं घडवली. उरलेल्या दोन संस्थांच्या रुग्णांचं पुढे काय झालं, ते सूत्र घडवणाऱ्यांपासून लपवून ठेवलं. पुण्यातली चाचणी ज्या वर्षी झाली त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली ही तशीच चाचणी. निकाल मध्यम आला, म्हणून मला तो विश्वासार्ह वाटतो. काही सूत्रं योगायोगापेक्षा निश्चित बरी ठरली. वय आणि टप्पा यांची जोड दिल्यावर ती आणखी सुधारली. पण ज्यांना भाकिताची सर्वाधिक गरज, त्या पहिल्या टप्प्याच्या रुग्णांत ती डगमगली. दोन वर्षांनी ज्योती सुब्रमण्यन आणि रिचर्ड सायमन यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या १६ अभ्यासांचा कठोर आढावा घेतला. त्यांतलं एकही सूत्र दवाखान्यात वापरायला तयार नव्हतं.

पाठोपाठ २०११ साली ब्रसेल्सच्या संशोधकांनी आणखी एक डोळे उघडणारी गोष्ट दाखवली. स्तनाच्या कर्करोगात जनुकांच्या कितीतरी सह्या आजाराच्या परिणामाशी जुळतात. पण आंधळेपणानं उचललेली जनुकंही बऱ्याचदा तितकीच जुळतात, आणि जेवणानंतर हसण्यामुळे बदलणारी जनुकंसुद्धा जुळतात! कारण सरळ आहे. वेगानं वाढणाऱ्या पेशीत हजारो जनुकांचा आवाज एकदम बदलतो. कोणतीही मूठभर उचला, वेगाचा अंश त्यात येतोच. म्हणून ‘माझी सही जुळते’ एवढं पुरत नाही. ‘आधी जे माहीत होतं त्यापेक्षा ती जास्त काय सांगते?’ हे विचारावं लागतं.

फुप्फुसाची गाठ मुळातच अवघड. पहिलं कारण असं की ती एकजिनसी नसते. लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या पुढाकारानं चाललेल्या ‘ट्रेसरएक्स’ अभ्यासात एकाच गाठीचे अनेक ठिकाणचे तुकडे तपासले. एका कोपऱ्याचा तुकडा ‘कमी धोका’ सांगत होता आणि त्याच गाठीचा दुसरा तुकडा ‘जास्त धोका’. सुई कुठे टोचली यावर माणसाचं भविष्य ठरावं हे कुणाला पटेल? त्या गटानं २०१९ साली यावर उपाय सुचवला: गाठीच्या सगळ्या भागांत सारखी बोलणारी, पण रुग्णारुग्णांत वेगळी बोलणारी २३ जनुकं त्यांनी निवडली. बिघाड नेमका कुठे होता ते समजून घेऊन त्यांनी साधन बदललं. दुसरं कारण रुग्णांचं. यातले पुष्कळ जण वर्षानुवर्षं धूम्रपान केलेले, वयस्क आणि हृदय किंवा श्वासाच्या जुन्या दुखण्यानं गांजलेले असतात. कर्करोग न परतताही ते दगावू शकतात, आणि आकड्यांत हे दोन मृत्यू सहज मिसळतात. तिसरं कारण नमुन्याचं. आरएनए फार नाजूक असतो. गाठ शरीराबाहेर आल्यापासून फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला, यावरही जनुकांचा आवाज बदलतो.

तरीही काम थांबलं नाही. कॅलिफोर्नियातल्या सर्जन-संशोधकांनी मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेल्या साध्या नमुन्यांवर चालणारी १४ जनुकांची चाचणी घडवली. आधी कुलूपबंद केलेलं ते सूत्र उत्तर कॅलिफोर्नियातल्या ४३३ आणि चीनमधल्या १,००६ रुग्णांवर तपासून २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. दोन खंडांवर ते टिकलं.

पण इथे एक सूक्ष्म भेद आहे. तो समजला नाही तर हे सगळं वाचूनही हाती काही लागणार नाही. किती पाऊस पडेल हे सांगणं वेगळं आणि त्या पावसात छत्रीचा उपयोग होईल का हे सांगणं वेगळं. कोकणातल्या वाऱ्याच्या पावसात छत्री उलटून हातात काड्या उरतात. आजार परतेल हे अचूक सांगणारी चाचणी ‘केमो दिल्यानं तो थांबेल’ असं आपोआप सांगत नाही. जास्त धोक्याच्या गाठी केमोलाही दाद देत नसतील तर? कॅनडाच्या गटानं एका जुन्या चाचणीतल्या १३३ गोठवलेल्या नमुन्यांवर १५ जनुकांचं सूत्र लावून दाखवलं, की जास्त धोक्याच्या गटाला केमोचा फायदा झाला आणि कमी धोक्याच्या गटाला झाला नाही. हा संकेत आहे, पुरावा नाही. पुरावा एकाच मार्गानं मिळतो. चाचणीनं धोक्याचे ठरवलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला केमो द्यायची, दुसऱ्याला नाही, आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. स्तनाच्या कर्करोगात हे काम पार पडलं. फुप्फुसात ते तितकं पुढे गेलेलं नाही.

दरम्यान औषधांचं जगही बदललं. ज्या गाठींत ईजीएफआर या जनुकात ठरावीक बिघाड असतो, अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर ऑसिमर्टिनिब ही गोळी दिली. पाच वर्षांनी त्यांतले ८८ टक्के हयात होते. औषध नसलेल्या, नुसत्या तशाच दिसणाऱ्या गोळीच्या गटात हे प्रमाण ७८ टक्के होतं. इथे जनुक भाकितापाशी थांबलं नाही, त्यानं थेट उपाय दाखवला. अभिव्यक्तीच्या सह्यांना आता या मापानं तोलून घ्यावं लागेल.

आपल्याकडे पाहू. भारतात दर वर्षी ८० हजारांच्या आसपास लोकांना हा आजार होतो आणि त्यांतल्या बहुतेकांचा तो पुढच्या टप्प्यातच कळतो. खोकला, ताप, वजन घटणं, एक्स-रेवर डाग. आपल्या देशात याचा पहिला अर्थ क्षयरोग असा लागतो, आणि लागणं स्वाभाविकही आहे. टीबीच्या गोळ्या खाण्यात महिने जातात आणि मग कुणाला तरी बायोप्सी सुचते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेर फुटपाथवर बसलेल्या नातेवाइकांच्या पिशवीत ‘ब्लॉक आणि स्लाइड’ असतात, म्हणजे गाठीचा मेणातला तुकडा आणि काचेच्या पट्ट्या. तळहाताएवढ्या त्या डबीत गाठीचं बोलणं गोठलेलं असतं. पण ते ऐकून ‘परत येईल का’ ठरवण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून हेही स्पष्ट लिहितो: आपल्याकडे जनुकांच्या सहीपेक्षा वेळेवर झालेल्या बायोप्सीनं आज अधिक जीव वाचतील. दुसरी गोष्ट. ज्या गाठींवर या सह्या घडल्या त्या मुख्यतः अमेरिका, युरोप आणि पूर्व आशियातल्या माणसांच्या आहेत. कधी विडीला हात न लावलेली, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली इथली बाई त्या आकड्यांत नाही. परक्या मापाचं सूत्र इथे लावायचं तर आधी इथल्या गाठींवर पडताळायला हवं. ते काम आपल्या रुग्णालयांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी मिळून करायचं आहे.

पुढची प्रकरणं याच क्रमानं जातात: पेशी आणि जनुकांची ओळख, मायक्रोॲरेपासून आरएनए-सीक्वेन्सिंगपर्यंतची साधनं, भाकिताचं गणित, ड्यूकची कहाणी, गाठीची विविधता आणि शेवटी दवाखान्यातला निर्णय. गणिताच्या प्रकरणाला घाबरून ते ओलांडू नये, ही विनंती. रिपोर्टावर छापलेल्या टक्केवारीचा अर्थ विचारण्याचा हक्क प्रत्येक पेशंटला आहे, आणि तो बजावायला जेवढं गणित लागतं तेवढंच तिथे आहे. टक्केवारी शंभर जणांविषयी बोलते. समोर बसलेला माणूस एकच असतो. त्या दोहोंमधलं अंतर कोणतीही चिप संपूर्ण भरून काढणार नाही, पण ते किती आहे हे प्रामाणिकपणे सांगणारी चाचणी त्या माणसाशी खरं बोलत असते.

लिहिताना पुन्हा पुन्हा ह्यूस्टनच्या त्या दोन संख्याशास्त्रज्ञांची आठवण होत राहिली. त्यांनी नवं औषध शोधलं नाही, एकही गाठ बरी केली नाही. दुसऱ्यांच्या तक्त्यांतल्या ओळी मोजण्यात त्यांनी आपले दिवस घातले, तेही कुणाला ते आवडत नसताना. त्या ओळींच्या टोकाला माणसं आहेत हे त्यांना दिसत होतं. ‘परत येईल का?’ असं विचारणाऱ्याला एक दिवस भरवशाचं उत्तर मिळेल, असं मला मनापासून वाटतं. ते मिळेल तेव्हा शोधणाऱ्यांइतकंच ते तपासणाऱ्यांचंही असेल. म्हणून हे पुस्तक त्या तपासणाऱ्यांना अर्पण केलं आहे.